मोजल्याविना मोल

बारावीच्या लेखी परीक्षेआधीचे दोन-तीन आठवडे महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत प्रात्यक्षिक परीक्षांचे असतात. अनेक ठिकाणी वर्षभर क्वचितच उघडलेल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांची दारे या काळात सताड उघडतात, ब्युरेटींवरची धूळ पुसली जाते, प्रयोगवह्यांवर मागील तारखांच्या सह्या घाईघाईने उमटतात आणि बाह्य परीक्षकांच्या साक्षीने तीस गुणांचा एक विधी यथासांग पार पडतो. त्याचा निकाल काय लागणार हे तो सुरू होण्यापूर्वीच सर्व संबंधितांना ठाऊक असते. तीसपैकी अठ्ठावीस वा एकोणतीस गुण मिळाले तर त्याचा कोणी आनंद मानीत नाही. बावीस मिळाले तर मात्र पालक चौकशीला येतात. २०२५ साली राज्यात बारावीच्या परीक्षेला बसलेल्या सुमारे १५ लाख विद्यार्थ्यांपैकी निम्मे विज्ञान शाखेचे होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या मोजणीच्या परीक्षेत कोणी फारसे काही मोजतच नसेल, तर तो एका विषयाच्या अध्यापनापुरता प्रश्न राहत नाही.

प्रश्नाचा गाभा समजण्यासाठी या परीक्षेतील एकच प्रयोग घेतला तरी पुरे. तो म्हणजे पोटॅशियम परमँगनेट आणि मोहर सॉल्ट यांचे टायट्रेशन. मोहर सॉल्ट म्हणजे फेरस अमोनियम सल्फेटचे फिकट हिरवे स्फटिक. एकोणिसाव्या शतकातील जर्मन औषधनिर्माता कार्ल फ्रीडरिख मोहर याचे नाव त्यांना मिळाले आहे. आजच्या ब्युरेटीचे रूपही मोठ्या अंशी त्याच्याच खटाटोपातून घडले आणि १८५५ साली त्याने या मोजणीच्या रीतीवर ग्रंथही लिहिला. औषधाच्या दुकानातील माणसाला आपण काय विकतो हे नेमके ठाऊक असले पाहिजे, या गरजेतून हे शास्त्र वाढले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

प्रयोग असा. ३.९२ ग्रॅम मोहर सॉल्ट तराजूवर तोलावयाचे, सौम्य गंधकाम्ल घातलेल्या पाण्यात विरघळवावयाचे आणि बरोबर १०० मिलिलिटर द्रावण करावयाचे. त्यातील १० मिलिलिटर पिपेटीने शंकुपात्रात घ्यावयाचे. ब्युरेटीत परमँगनेटचे गर्द जांभळे द्रावण भरून ते वरून थेंबाथेंबाने सोडावयाचे. प्रत्येक थेंब पडताक्षणी रंगहीन होतो, कारण खालचे लोह त्याला खाऊन टाकते. लोह संपले की पुढचा एकच थेंब सगळ्या द्रावणाला फिकट गुलाबी छटा देतो. वेगळा दर्शक लागत नाही; परमँगनेट स्वतःच आपली साक्ष देते. तेथे तोटी बंद करावयाची आणि आकडा वाचावयाचा. तोही द्रावण गर्द असल्याने नेहमीप्रमाणे वक्राच्या तळाशी नव्हे, तर वरच्या कडेशी.

यानंतर गणित येते आणि मोल या संज्ञेचे काम तेथे सुरू होते. मोहर सॉल्टचा एक मोल म्हणजे ३९२ ग्रॅम. तेव्हा शंकुपात्रातील १० मिलिलिटरमध्ये मोलचा एक हजारावा भाग लोह आहे. समीकरण सांगते की परमँगनेटचा एक कण लोहाच्या पाच कणांना पुरतो. म्हणून परमँगनेट त्याच्या एकपंचमांश, म्हणजे मोलचा पाच हजारावा भाग लागले. ब्युरेटीने १०.० मिलिलिटर दाखविले असतील, तर लिटरभर द्रावणात परमँगनेटचे ०.०२ मोल, म्हणजे ३.१६ ग्रॅम आहेत. डोळ्यांना दिसणारा थेंब, तराजूला कळणारे ग्रॅम आणि कोणालाही न दिसणारे कण या तिन्ही पातळ्या या चार ओळींच्या हिशेबात एकत्र येतात. १८११ साली अव्होगाड्रोने मांडलेले आणि पुढे जवळजवळ अर्धशतक उपेक्षित राहिलेले गृहीतक सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती येण्याची वाट ही आहे. १९७१ साली मोलला मूलभूत एककांत स्थान मिळाले तेव्हा त्याची व्याख्या कार्बनच्या बारा ग्रॅमवर बेतलेली होती. २० मे २०१९ पासून ती ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात या ठरीव संख्येवर आली. मराठीत मोल म्हणजे किंमत, हा निव्वळ शब्दांचा योगायोग. पण न मोजता मोल सांगणे हे बाजारातही शहाणपणाचे मानीत नाहीत.

बरोबर उत्तराचा संशय

आता या प्रयोगातील खरी मेख पाहावी. परमँगनेटचे द्रावण विश्वासू नव्हे. पाण्यातील सेंद्रिय कचरा, उजेड, भांड्याच्या तळाशी साचणारी तपकिरी साय यांमुळे ते हळूहळू क्षीण होत जाते. आठवड्यापूर्वी लिटरला ३.१६ ग्रॅम घालून केलेल्या आणि तशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीत आज तेवढे परमँगनेट असेलच असे नाही. म्हणूनच तर त्याचे टायट्रेशन करावे लागते. एखाद्या मुलीने काळजीपूर्वक तीनदा मोजले आणि ब्युरेटीने १०.४ मिलिलिटर दाखविले, तर तिचे उत्तर लिटरला ३.०४ ग्रॅम येईल. चिठ्ठी खोटी आहे, हे एवढ्या मोठ्या खोलीत केवळ तिलाच कळलेले असेल. विज्ञानशिक्षणात याहून मोलाचा क्षण शोधूनही सापडणार नाही. परंतु प्रचलित व्यवस्थेत तिचे उत्तर ‘चुकलेले’ असते. शेजारच्या मुलाने चिठ्ठीवरचा आकडा पाहून गणित उलटे केले, त्यावरून ब्युरेटीचे वाचन ‘काढले’ आणि तीन ओळींत १०.०, १०.०, १०.० असे लिहून टाकले, की त्याचे उत्तर बरोबर. तिन्ही वाचने सारखी येणे प्रामाणिकपणेही शक्य आहे, कारण ब्युरेटीचे लहानात लहान माप ०.१ मिलिलिटर असते. मात्र पंचवीस जणांच्या तुकडीत पंचवीसही जणांची तिन्ही वाचने एकच येऊ लागली, तर त्या एकमताचा अर्थ लावण्यास रसायनशास्त्राची गरज नाही.

हा उलटा हिशेब आता इतका रुळला आहे की त्यात काही वावगे होत असल्याची जाणीवही उरलेली नाही. पहिल्या तुकडीचे वाचन दुसऱ्या तुकडीला बाहेरच्या व्हरांड्यात मिळते. लॉगॅरिथमच्या कोष्टकांतून काढलेले उत्तर दशांशचिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत लिहिले जाते. ज्या उपकरणाची चूक शेकड्याला एक इतकी असू शकते, त्याच्या आधाराने ग्रॅमचा दहा हजारावा भाग सांगणे हा मोजणीचा उपहास आहे, हे कोणी मुलांना सांगत नाही. येथे एक खुलासा केला पाहिजे. हा आरोप सरसकट सर्व शिक्षकांवर नाही. मोडक्या तराजूवर आणि गळक्या तोट्यांवर नेकीने प्रयोग करून घेणारे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना त्याचे काडीचेही फळ मिळत नाही, ही तक्रार त्यांचीच आहे.

गुण मोजले तरी, न मोजले तरी

हे असे का झाले, याचे सोपे उत्तर म्हणजे शिकवणीवर्गांना दोष देणे. ते अपुरे आहे. थोडे मागे गेल्यास चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. डॉ. दौलतसिंग कोठारी या पदार्थवैज्ञानिकाच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली अहवाल दिला आणि पुढील दशकात दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना महाराष्ट्रात आली. त्यापूर्वीचा इंटर सायन्सचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करीत असे. नव्या रचनेत ही दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयांकडे आली, आणि त्यांपैकी कित्येक मूळच्या माध्यमिक शाळा होत्या. त्यांच्याकडे खोल्या होत्या, प्रयोगशाळा असतीलच असे नव्हते. तरीही वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्रवेश बारावीच्या पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित यांच्या गुणांवर होत असल्याने प्रात्यक्षिकाच्या गुणांना तेव्हा फार मोठे वजन होते. एकेका गुणावर प्रवेश हुकत होते. त्याचा परिणाम मोजणी सुधारण्यात झाला नाही; वशिले, दडपणे आणि संस्थासंस्थांतील चढाओढ यांत झाला. आपल्या विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण न देणारी संस्था आपल्याच मुलांचे नुकसान करते, असा तर्क रूढ झाला, आणि तो त्या परिस्थितीत अगदीच चुकीचा नव्हता.

सर्वांसाठी एकच सामाईक प्रवेशपरीक्षा हवी, या मागणीच्या मुळाशी जी कारणे होती त्यांत अशा गुणांवरचा अविश्वास हेही एक होते. नव्वदच्या दशकाअखेर राज्यात ती परीक्षा आली. पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी नीट आली आणि जेईई (मेन) च्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना असलेले वजनही २०१७ पासून गेले. राज्यात अभियांत्रिकीच्या प्रवेशाला खुल्या वर्गातील विद्यार्थ्याने बारावीत ठरावीक विषयांत ४५ टक्के मिळविले की पुरते. राष्ट्रीय संस्थांसाठी सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांची अट आहे. म्हणजे प्रात्यक्षिकाचे गुण आता कोणाला वर चढवीत नाहीत; ते फक्त कोणी उंबरठ्यावर अडखळू नये यासाठी उरले आहेत. ज्या गुणांना किंमत होती तेव्हा ते फुगविले गेले. किंमत गेली तेव्हा ते फुगलेलेच राहिले आणि त्यांच्यामागचा प्रयोगही गेला. गुणांचे वजन वाढवा म्हणजे प्रयोगशाळा भरतील, असे म्हणणाऱ्यांनी आणि वजन काढून टाका म्हणजे प्रामाणिकपणा येईल, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा समोर ठेवावा.

प्रवेशपरीक्षेने टायट्रेशन वगळले आहे असेही नाही. उलट जेईई (मेन) आणि नीट या दोन्हींच्या अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिक रसायनशास्त्राच्या तत्त्वांचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात ऑक्झॅलिक आम्ल व मोहर सॉल्ट यांची परमँगनेटशी होणारी टायट्रेशने नावानिशी नमूद आहेत. परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल का वापरीत नाहीत, असा प्रश्न येतो. त्यातील क्लोराइडचे क्लोरीन करण्यात परमँगनेट खर्ची पडते आणि हिशेब बिघडतो, हे उत्तर मुलांना तोंडपाठ असते. ऑक्झॅलिक आम्ल साठ-सत्तर अंशांपर्यंत का तापवावे लागते, पहिले थेंब रेंगाळत का विरतात आणि पुढचे झटपट का, हेही चार पर्यायांतून अचूक निवडता येते. ज्याने तो रेंगाळणारा पहिला थेंब कधी पाहिला नाही, तोच हे बहुधा अधिक वेगाने निवडतो. कारण नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात आणि राज्याच्या सामाईक परीक्षेत पदार्थविज्ञान व रसायन यांच्या शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटे असतात. मोलचे गणित हे या वेगाच्या परीक्षेला अत्यंत सोयीचे ठरले आहे. युक्त्या, आडवाटा, एका ओळीत उत्तर. गणिते पूर्वीपेक्षा अवघड झाली आहेत आणि मुले ती सोडवितातही. फक्त त्या गणितांतील आकडे कोठून येतात हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी उभा राहत नाही. ते प्रश्नपत्रिकेतून येतात.

दोषाचा वाटा वर्गांना द्यावयाचा तो द्यावाच. महाविद्यालयाशी संगनमत करून विद्यार्थ्याची हजेरी एकीकडे आणि तो स्वतः दुसरीकडे, ही पद्धत इतकी बोकाळली की २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बोटांच्या ठशांची हजेरी सक्तीची करावी लागली. केंद्रीय मंडळाने २०२४ च्या मार्चमध्ये गैरप्रकारांवरून वीस शाळांची संलग्नता काढून घेतली. त्यांत केवळ पटावर असलेली मुले दाखविणाऱ्या शाळा होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये त्या मंडळाने सुमारे पाचशे शाळांना सूचना दिली, की त्यांच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक विद्यार्थ्यांच्या लेखी आणि प्रात्यक्षिक गुणांत काही विषयांत फार मोठी तफावत आढळते. हे शोधण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले गेले. कोणत्याही परीक्षा कार्यालयातील जुन्या कारकुनानेही गुणपत्रकांचे गठ्ठे चाळून हेच सांगितले असते, तो भाग वेगळा. ज्या मंडळाच्या बारावीच्या अभ्यासक्रमात या प्रयोगासाठी प्रमाण द्रावण विद्यार्थ्यांनी स्वतः तोलून तयार करावे अशी टीप आहे, त्यालाही ती टीप कागदावर राहते याचा शोध असा आकड्यांच्या आडून घ्यावा लागतो.

शासनाचा स्वतःचा वाटाही लहान नाही. प्रयोगशाळा चालते ती केवळ शिक्षकावर नव्हे. आम्ले पातळ करून ठेवणारा, काच धुणारा, सकाळी द्रावणे भरून ठेवणारा, कोणत्या तोटीला व्हॅसलीन लागते हे जाणणारा माणूस असावा लागतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने खाजगी अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीच्या पदांऐवजी ठोक भत्ता देण्याचा निर्णय घेतला. त्या यादीत शिपाई आणि पहारेकरी यांच्या जोडीला प्रयोगशाळा परिचरही होता. पहारेकऱ्याचे काम कंत्राटाने होईल असे क्षणभर मानू. तीव्र गंधकाम्लाची बाटली कंत्राटावर आलेल्या आणि महिनाभरात जाणाऱ्या माणसाच्या हाती देण्यास कोणता मुख्याध्यापक धजेल? त्यापेक्षा कपाटाला कुलूप लावणे त्याला सुरक्षित वाटते. अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा पुरस्कार करणारे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही २०२० सालचेच, हा योगायोग नोंदवून पुढे जाणे भाग आहे.

शाळेबाहेरचा हिशेब

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. यंत्रे आली आहेत. आता कोण ब्युरेट हाती धरतो? हा आक्षेप शहरी आहे आणि अर्धवट माहितीवर आधारलेला आहे. शेतकऱ्याला मृदा आरोग्यपत्रिका देण्याची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. त्या पत्रिकेवरील बारा बाबींपैकी एक सेंद्रिय कर्बाची. ती काढण्याची प्रचलित रीत वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ मध्ये रूढ केलेली आहे. मातीच्या नमुन्यात डायक्रोमेट मोजून घालावयाचे आणि उरलेले किती ते टायट्रेशनने पाहावयाचे. हे टायट्रेशन ज्या क्षाराने करतात तो म्हणजे बारावीच्या प्रयोगशाळेतील तोच मोहर सॉल्ट. कारखान्याच्या सांडपाण्याची रासायनिक प्राणवायूची मागणी, जिच्या आकड्यावरून नदीकाठच्या गावांची भांडणे न्यायालयापर्यंत जातात, तिच्या प्रमाण पद्धतीतही शेवटचा थेंब याच क्षाराच्या द्रावणाचा असतो. दुधाची आम्लता दूधसंघाच्या प्रयोगशाळेत कॉस्टिक सोडा आणि फिनॉल्फ्थॅलिन यांनी मोजतात. तो प्रयोग तर अकरावीचा. विहिरीच्या पाण्याची कठिणता, पिण्याच्या पाण्यातील क्लोराइड यांची मोजणीही ब्युरेटीनेच होते. या प्रयोगशाळांत काम करणारी माणसे नीटमध्ये वरचा क्रमांक मिळविलेली नसतात. ती याच कनिष्ठ महाविद्यालयांतून आणि पुढे साध्या विज्ञान पदवीतून येतात. उत्तर आधी आणि वाचन नंतर ही सवय त्यांना सतराव्या वर्षी प्रशस्तीसह लावून दिली, तर ती सवय नोकरीच्या पहिल्या दिवशी गळून पडते असे मानण्यास काही आधार नाही. दिवसाला ठरावीक नमुन्यांचे उद्दिष्ट असलेल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत तर ती विशेषच उपयोगी पडते.

याची किंमत कोठवर जाते हे महाराष्ट्राला सांगावयाची गरज पडू नये. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने १९८८ साली दिलेल्या अहवालाने औषधांची खरेदी, तपासणी आणि नियंत्रण यांतील अनास्थेचे जे चित्र उभे केले, त्याने राज्य हादरले होते. जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. विष तेच होते. औषधनिर्माते कच्च्या मालाच्या आणि तयार औषधाच्या प्रत्येक घाण्याची तपासणी करीत नसल्याचे त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनाच राज्यांना कळवावे लागले. हे विष शोधण्याची रीत वेगळी, ती टायट्रेशनची नव्हे, आणि बारावीच्या प्रात्यक्षिकाला या मृत्यूंचे कारण ठरविणे हा अन्याय होईल. या दुर्घटनांमागे लोभ आहे आणि नियंत्रणाचा ढिसाळपणाही आहे. तरीही चाचणी न करता चाचणीचा रकाना भरता येतो आणि त्यावर सही मिळते, हे ज्ञान माणसाला प्रथम कोठे मिळते, असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर देण्यास शिक्षणव्यवस्था बांधील आहे.

इतर देशांना हा पेच सुटला आहे असे नाही. इंग्लंडमध्येही शिक्षकांनी दिलेले प्रात्यक्षिकाचे गुण वरच्या टोकाशी गर्दी करू लागले होते. २०१५ पासून शिकविल्या जाणाऱ्या ए-लेव्हलच्या अभ्यासक्रमात त्यांनी प्रात्यक्षिक गुणांतूनच काढून टाकले. किमान बारा प्रयोग विद्यार्थ्याने स्वतः करावयाचे, त्यांत तो समर्थ ठरल्यास प्रमाणपत्रावर वेगळी नोंद करावयाची, आणि लेखी परीक्षेतील किमान १५ टक्के गुण प्रयोगांच्या आकलनाला द्यावयाचे. तेथील विज्ञानसंस्थांनी त्यास विरोध केला, आणि गुण नसलेले काम शाळा टाळतील ही त्यांची भीती सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र निदान एक लबाडी तेथे संपली. वेगळा मार्ग याच राज्यात पाहावयास मिळतो. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. आंतरराष्ट्रीय रसायन ऑलिंपियाडसाठी भारताचा संघ तेथे निवडला जातो, आणि २००१ साली ते ऑलिंपियाडच मुंबईत भरले होते. त्या स्पर्धेत शंभरातील चाळीस गुण प्रयोगशाळेतील कामाला असतात, आणि टायट्रेशनचे गुण विद्यार्थ्याचा आकडा खऱ्या आकड्याच्या किती जवळ आहे यावर मिळतात. परीक्षक कनवाळू असण्याचा वा नसण्याचा प्रश्नच येत नाही. ब्युरेट गुण देते.

हीच रीत थोड्या साध्या रूपात बारावीला का लावू नये? प्रत्येक विद्यार्थ्याला चिठ्ठी नसलेली, केवळ क्रमांक असलेली बाटली द्यावी. चार-पाच वेगवेगळ्या तीव्रतांची द्रावणे असली म्हणजे शेजाऱ्याचे वाचन निरुपयोगी होते. खरा आकडा परीक्षकाने त्याच सकाळी मोजून बंद पाकिटात ठेवावा. वाचने क्रमांकित कागदावर शाईने लिहून घ्यावीत, खोडलेली वाचनेही राहू द्यावीत. शेकड्याला एकच्या आत असलेल्या उत्तराला पूर्ण गुण, पुढे उतरते. वीस प्रयोगांच्या सह्यांऐवजी सहा प्रयोग खरे करून घ्यावेत आणि हे गुण लेखी गुणांत न मिसळता गुणपत्रकावर वेगळे छापावेत, म्हणजे विद्यापीठांना आणि नोकरी देणाऱ्यांना त्यांचा अर्थ कळेल. पहिल्या वर्षी राज्याची सरासरी तीसपैकी अठ्ठावीसवरून चौदावर आली, तर त्याने गोंधळ माजेल, विधिमंडळात प्रश्न येतील, ग्रामीण भागावर अन्याय झाल्याची हाकाटी होईल. आणि प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ती खरीही असेल. म्हणूनच हा नियम प्रयोगशाळांच्या डागडुजीआधी आणता येणार नाही. पैशाची अडचण मात्र पुढे करण्यात अर्थ नाही. एका विद्यार्थ्याला या प्रयोगासाठी लागणारे परमँगनेट ग्रॅममध्ये नव्हे, ग्रॅमच्या अंशांत मोजावे लागेल, आणि मोहर सॉल्ट काही दुर्मीळ रसायन नव्हे. खर्च आहे तो माणसाचा. बिनचिठ्ठीची बाटली परीक्षेच्या सकाळी कोणीतरी स्वतः टायट्रेट करावी लागेल. ते करू शकेल असा माणूस राज्यातील किती कनिष्ठ महाविद्यालयांत आज हजर आहे, याची मोजणी मंडळाने आणि शिक्षण खात्याने नियमाचा मसुदा करण्यापूर्वी करावी.